खांद्यावरची चार बोटं जागा: सिव्हिल एअर पेट्रोलच्या युनिफॉर्मचं प्रकरण

१९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता. जानेवारीत जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख अ‍ॅडमिरल डोनित्झने मोजक्याच यू-बोटी, म्हणजे पाणबुड्या, तिकडे पाठवल्या आणि पुढचे कितीतरी महिने तेलाचे टँकर, मालवाहू जहाजं एकामागून एक बुडत राहिली. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे रात्रभर चालू असायचे, त्या उजेडावर जहाजाची काळी आकृती उठून दिसायची आणि पाणबुडीवाल्याला नेम धरायला तेवढं पुरायचं. जळणारी जहाजं लोकांना चक्क बीचवरून दिसायची. एवढा लांबलचक किनारा राखायला नौदलाकडे ना पुरेशी जहाजं होती ना विमानं.

अशा वेळी पुढे आले ते साधे प्रायव्हेट पायलट. वकील, दुकानदार, शेतकरी, डॉक्टर, गॅरेजवाले, वय जास्त म्हणून किंवा तब्येतीच्या कारणाने सैन्याने न घेतलेले लोक, स्वतःची छोटी एका इंजिनाची विमानं घेऊन समुद्रावर गस्त घालायला तयार. यांची संघटना म्हणजे सिव्हिल एअर पेट्रोल, पुढे मी सीएपी म्हणतो. सुरुवातीला ते फक्त बघायचे आणि रेडिओवरून कळवायचे, पण काही महिन्यांतच त्यांच्या विमानांच्या पोटाखाली बॉम्ब लागले.

आणि तिथे खरा प्रश्न उभा राहिला. एका इंजिनाचं विमान किनाऱ्यापासून पन्नास-साठ मैल आत समुद्रावर, इंजिन बंद पडलं, पायलट पाण्यात उतरला आणि समजा जर्मन पाणबुडीनेच त्याला बाहेर काढलं. तर तो कोण? सैनिक असेल तर युद्धकैदी, त्याला छावणीत ठेवायचं, खायला घालायचं, युद्ध संपलं की घरी सोडायचं. पण बॉम्ब टाकणारा सिव्हिलियन असेल तर शत्रूच्या नजरेत तो बेकायदा लढवय्या, आणि त्याची शिक्षा मरण.

हा नुसता कागदी धोका होता असं कुणाला वाटत असेल तर चार्ल्स फ्रायट या ब्रिटिश कप्तानाची गोष्ट बघा. पहिल्या महायुद्धात तो व्यापारी जहाज चालवायचा, म्हणजे शुद्ध सिव्हिलियन. मार्च १९१५ मध्ये एका जर्मन पाणबुडीने त्याला थांबायचा इशारा केला तर यानं जहाज उलट तिच्याच अंगावर घातलं आणि निसटला, ब्रिटनमध्ये सत्कार झाला, सोन्याचं घड्याळ मिळालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो जर्मनांच्या हाती लागला, बेल्जियममधल्या ब्रूजला लष्करी कोर्टापुढे उभा केला गेला आणि २७ जुलै १९१६ ला, ज्या दिवशी खटला त्याच दिवशी, गोळ्या घालून मारला गेला. आरोप काय तर लष्कराचा भाग नसताना लष्करावर हल्ला केला. म्हणजे सिव्हिलियन आणि पाणबुडी यांची गाठ पडल्यावर काय होऊ शकतं याचं उदाहरण फक्त २६ वर्षं जुनं होतं.

यावर जो उपाय निघाला तो कापडाचा होता, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळी गंमत आणि सगळं दुखणं त्या कापडातच आहे, त्यातही खांद्यावरच्या चार बोटं जागेत.

आधी संघटना कशी उभी राहिली ते

गिल रॉब विल्सन नावाचे न्यू जर्सी राज्याचे विमान वाहतुकीचे संचालक होते. तीसच्या दशकात जर्मनीत जाऊन आलेले, युद्ध येणार आणि ते आलं की सरकार खाजगी विमानं जमिनीवर बसवणार हे त्यांना दिसत होतं. त्यांचं म्हणणं होतं की ही विमानं आणि पायलट म्हणजे देशाची ताकद आहे, हँगरमध्ये कुलूप लावून ठेवण्यापेक्षा कामाला लावा. फिओरेलो ला गार्डिया तेव्हा न्यू यॉर्कचे महापौर होते आणि त्याच वेळी ऑफिस ऑफ सिव्हिलियन डिफेन्स या नागरी संरक्षणाच्या सरकारी खात्याचे प्रमुखही. विल्सनची कल्पना त्यांनी उचलून धरली आणि त्यांच्याच खात्यात १ डिसेंबर १९४१ ला सीएपी स्थापन झाली, म्हणजे पर्ल हार्बरच्या बरोबर सहा दिवस आधी. हे लक्षात ठेवा की संस्था जन्मली ती नागरी खात्याच्या पोटी, लष्कराच्या नाही. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

लष्कर आणि नौदल दोघांनाही हे हौशी पायलट नको होते. शेवटी टँकर बुडून बुडून तेल कंपन्याच टेकीला आल्या, त्यांनी स्वतःचे पैसे घालून टँकर प्रोटेक्शन फंड काढला आणि ९० दिवसांच्या प्रयोगाला परवानगी मिळाली. पहिले तीन तळ न्यू जर्सीत अटलांटिक सिटी, डेलावेअरमध्ये रिहोबथ बीच आणि फ्लोरिडात लँटाना. मार्च १९४२ ला गस्त सुरू झाली. प्रयोग इतका कामाला आला की पुढे मेन राज्यापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत २१ तळ झाले.

पायलटला दिवसाचे ८ डॉलर, जमिनीवरच्या माणसाला ५, आणि तेही बऱ्याचदा उशिरा. त्यात राहणं, जेवण आणि युनिफॉर्म सगळं स्वतःच बघायचं. ही विमानं पण बघा कसली, स्टिन्सन, फेअरचाइल्ड २४, वेको, रविवारी बायकोपोरांना फिरवून आणायची विमानं. जोडीने उडायचं, एक पडलं तर दुसऱ्याने वर घिरट्या घालत जागा दाखवायची.

बॉम्ब का लागले याची गोष्ट सीएपीवाले अजून सांगतात. मे १९४२ मध्ये फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हरलजवळ एका जोडीला एक पाणबुडी उथळ पाण्यात चिखलात रुतलेली दिसली. हे वरून घिरट्या घालतायत, रेडिओवर बॉम्बर पाठवा म्हणून ओरडतायत, अर्धा तास उलटून गेला, आणि मदत पोचायच्या आत पाणबुडी सुटून खोल पाण्यात गेली. नंतर छोट्या विमानांना १०० पौंडी बॉम्ब आणि जरा दणकट विमानांना ३२५ पौंडी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, लावायला सुरुवात झाली.

मग युनिफॉर्म

आता १९०७ च्या हेग नियमांत, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, काय म्हटलंय ते बघूया, कारण त्याशिवाय युनिफॉर्मचा निर्णय कळत नाही. नियमित सैन्य सोडून इतर स्वयंसेवक दलांनाही लढवय्याचे हक्क मिळतात, पण चार अटींवर. त्यांच्यावर जबाबदार असा कमांडर हवा, लांबून ओळखू येईल अशी ठरलेली खूण अंगावर हवी, शस्त्र उघड बाळगायला हवं आणि युद्धाचे नियम पाळायला हवेत. बघा, पूर्ण युनिफॉर्म पाहिजेच असं कुठे म्हटलेलं नाही, ओळखू येणारी खूण असली तरी चालते. पण समुद्रातून गारठलेला माणूस वर काढणारा जर्मन खलाशी काय हेगचं कलम वाचत बसणार नव्हता, त्याला समोर सैनिक दिसायला हवा होता.

म्हणून १९४२ मध्ये लष्कराचा कारभार बघणाऱ्या युद्ध खात्याने सीएपीला थेट अमेरिकन लष्कराचाच युनिफॉर्म घालायची परवानगी दिली. तीच खाकी, तेच हुद्दे. पण लष्कराला हेही नको होतं की रस्त्यावर कुणीही यावं आणि कॅप्टन म्हणून मिरवावं, म्हणून फरक ठेवला तो खांद्यावर. खांद्याच्या पट्ट्या लालभडक, बाहीवरची फीत लाल, आणि दंडावर नागरी संरक्षणाचं चिन्ह, निळ्या वर्तुळात पांढरा त्रिकोण, त्यात लाल रंगाचा तीन पात्यांचा पंखा.

मला हा तोडगा फार हुशारीचा वाटतो, कारण एकाच कपड्याने दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. शत्रूला सांगितलं की हा सैनिक आहे, याला कैदी म्हणून वागव. आपल्याच लष्कराला सांगितलं की हा तुमच्यातला नाही, याच्याकडून हुकूम घेऊ नका. आणि हे दोन्ही एकमेकांच्या आड आले नाहीत, कारण शत्रूला अख्खा युनिफॉर्म दिसत होता आणि स्वकीयांना लाल पट्टी.

एक कच्चा दुवा मात्र होता. चार अटींमधली पहिली, कमांडरची. गस्तीचं रोजचं काम लष्कराच्या हुकमानेच चालायचं पण संस्था कागदावर नागरी खात्याचीच होती, आणि एखाद्या हट्टी वकिलाने तिथेच बोट ठेवलं असतं. ही फट बुजली ती २९ एप्रिल १९४३ ला, जेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने सीएपी युद्ध खात्याकडे गेली. तोवर किनाऱ्यावरच्या गस्तीचं वर्षभराहून जास्त काम उरकलेलं होतं, आणि ३१ ऑगस्ट १९४३ ला तर गस्त बंदच झाली. म्हणजे कपडा आधी बदलला आणि कागद वर्षभर मागून आला. सुदैवाने पाणबुडीच्या डेकवर सीएपीचा पायलट उभा आहे आणि त्याच्या खांद्याकडे बघून त्याचं काय करायचं ते ठरतंय, अशी वेळ आली नाही.

आकडे सांगायचे तर साधारण दीड वर्षात सुमारे २,४४,६०० तास उड्डाण, १७३ पाणबुड्या दिसल्याच्या नोंदी, ९० विमानं गेली, २६ माणसं गेली. दोन पाणबुड्या बुडवल्याचा दावा बरीच वर्षं केला जायचा पण युद्धानंतर जर्मन नोंदींशी तो जुळला नाही. मला विचाराल तर त्याने काही बिघडत नाही. वर विमानाचा आवाज आला की पाणबुडीला बुडी मारायला लागायची, आणि पाण्याखाली ती हळू चालते, नीट बघू शकत नाही. विमानात बॉम्ब आहे की थर्मास आहे हे खालच्याला कळायचा मार्गच नव्हता. गस्तीचं खरं काम तिथे झालं.

यातला एक दिवस जरा जवळून बघण्यासारखा आहे, २१ जुलै १९४२. रिहोबथ बीचच्या तळाचं एक फेअरचाइल्ड समुद्रात पडलं. ह्यू शार्प आणि एडी एडवर्ड्स हे दोघं सिकॉर्स्कीचं एस-३९ घेऊन निघाले, पाण्यावर उतरू शकणारं पण तेव्हाही जुनाट झालेलं विमान. समुद्र खवळलेला, माणसाच्या उंचीहून मोठ्या लाटा, तरी उतरले. एकाला जखमी अवस्थेत वर घेतलं, दुसरा सापडलाच नाही. उतरताना डाव्या पंखाखालचा, विमान पाण्यावर तोलून धरणारा फ्लोट फुटला, विमान त्या बाजूला कलायला लागलं, परत उडणं तर शक्यच नव्हतं. मग एडवर्ड्स उजव्या पंखावर सरकत सरकत टोकापर्यंत गेला आणि स्वतःच्या वजनाने विमान सरळ धरून तिथेच बसून राहिला, कित्येक तास, अंधारात, अंगावर लाटा घेत, आणि शार्प विमान पाण्यावरून हळूहळू किनाऱ्याकडे हाकत राहिला.

फेब्रुवारी १९४३ मध्ये रूझवेल्टनी दोघांना एअर मेडल दिलं, हे पदक मिळालेले पहिले सिव्हिलियन. लष्करी पदक सिव्हिलियनला कसं, तर त्या पदकाच्या नियमातच सैन्यात किंवा सैन्यासोबत कुठल्याही नात्याने काम करणारा अशी सोय ठेवलेली होती. म्हणजे पदक देताना सरकारने सोबत हा शब्द आधीच मोठ्या मनाने लिहून ठेवला होता, युनिफॉर्म देताना मात्र तो लाल कापडाने लिहावा लागला.

इतरांनी हाच प्रश्न कसा सोडवला

ब्रिटनमध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी होती, कारखान्यातून निघालेली लढाऊ विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवणारे सिव्हिलियन पायलट, त्यात १६० च्या वर बायका. त्यांनी हवाई दलाच्या रंगाच्या जवळपासही न जाता गडद निळा युनिफॉर्म घेतला, छातीवर सोनेरी पंख. त्यांना ते परवडलं कारण ते शस्त्र न चालवता बहुतेक मायदेशातच उडायचे. धोका कमी होता असं नाही हां, पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्यांचीही गेली.

आणि तिसरा रस्ता आपल्याकडचा. १९३९ मध्ये इंडियन एअर फोर्स व्हॉलंटियर रिझर्व्ह निघालं आणि किनारा राखायला कोस्टल डिफेन्स फ्लाइट्स उभ्या केल्या, मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन, विशाखापट्टणम अशा ठिकाणी. यात बरेचसे पायलट फ्लाइंग क्लबात शिकलेले, म्हणजे मूळचे तुमच्याआमच्यासारखे लोक, वापिटीसारख्या जुन्या दोन पंखी विमानांतून समुद्रावर गस्त घालणारे. काम अगदी सीएपीसारखंच. पण त्यांना सरळ हवाई दलाचे कमिशन्ड ऑफिसर करून टाकलं, त्यामुळे पकडले गेलो तर काय हा प्रश्न उरलाच नाही. अमेरिकेने ते का नाही केलं, तर सीएपीचे बरेचसे लोक वयाने, डोळ्याने, हातापायाने लष्करी नियमांत बसतच नव्हते आणि तीच तर त्या संघटनेची ताकद होती. मला आपला रस्ता जास्त स्वच्छ वाटतो, पण त्यात माणसं कमी मिळतात.

१९९०: तीच जागा, उलटा निरोप

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सीएपी कायद्याने ना-नफा संस्था झाली आणि २६ मे १९४८ च्या कायद्याने नव्या अमेरिकन हवाई दलाची अधिकृत सहाय्यक संस्था. काम आता लढाईचं नाहीच, हरवलेली विमानं शोधायची, पूर-वादळात मदत करायची, १२ वर्षांपासूनच्या मुलामुलींना कॅडेट म्हणून घडवायचं. साहजिकच युनिफॉर्मही हवाई दलाच्या निळ्याकडे गेला आणि दशकं सरली तसा मूळ युनिफॉर्मच्या इतका जवळ जाऊन बसला की लांबून फरक कळेना.

आता प्रसंग असा होतो. हवाई दलाच्या तळावर एक तरुण एअरमन चाललाय, समोरून निळ्या युनिफॉर्ममध्ये खांद्यावर लेफ्टनंट कर्नलची चांदीची पानं लावलेला माणूस येतो. एअरमन कडक सॅल्यूट ठोकतो. समोरचा माणूस शनिवार-रविवार सीएपीचं काम करणारा शाळामास्तर आहे, त्याचा हुद्दा सीएपीतला खरा आहे, ट्रेनिंग करून कमावलेला आहे, पण लष्करावर त्याचा काडीचा अधिकार चालत नाही आणि त्याला सॅल्यूट करायचं बंधन कुठल्याही सैनिकावर नाही. एकदा झालं तर हसण्यावारी जाईल, पण रोज व्हायला लागलं की हवाई दलाला टोचणारच, त्यात एखाद्याने त्या सॅल्यूटची चव घेऊन गेटवर किंवा क्लबात साहेबी दाखवली तर संपलंच.

१९९० मध्ये हवाई दलाने हुकूम काढला. खांद्यावरची धातूची चिन्हं काढा आणि मरून रंगाच्या पट्ट्या घाला, त्यावर हुद्दा भरतकामाने. निळ्या कोटावर तो मरून रंग असा काही उठून दिसायचा की लोकांनी बेरी फळाच्या रंगावरून लगेच त्याला बेरी बोर्ड नाव पाडलं. तीस-तीस वर्षं स्वतःच्या खर्चाने रात्रीअपरात्री डोंगरात विमानं शोधायला गेलेल्या लोकांना हे फार लागलं. चार-पाच वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मरून जाऊन राखाडी पट्ट्या आल्या आणि त्या आजतागायत आहेत.

१९४२ आणि १९९० शेजारी शेजारी ठेवून बघा. जागा तीच, खांदा. रंगही जवळजवळ तोच, लाल आणि मरून. पण १९४२ ची पट्टी ज्या युनिफॉर्मवर होती तो म्हणत होता की हा माणूस सैनिकांसोबत मरायला तयार आहे, त्याला सैनिकासारखं वागवा. १९९० ची पट्टी म्हणत होती की याला सैनिक समजू नका. लाल पट्टी घालणाऱ्याला ती मिळालेली वाटायची, मरून पट्टी घालणाऱ्याला ती लादलेली वाटली. हवाई दलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं हे मी स्पष्टच म्हणतो, फरक दिसायलाच हवा. त्यांच्या नियमाचा आशयच असा आहे की सीएपीचा माणूस लांबून आणि अंधुक उजेडातसुद्धा वेगळा ओळखू यावा, आणि तो नियम योग्य आहे. पण मरून पट्टीने जे साधायचं होतं तेच राखाडी पट्टीने साधलं, कुणाचा पाणउतारा न करता. म्हणजे फरकाला विरोध कधी नव्हताच, तो फरक कोणत्या सुरात सांगितला गेला ते लागलं होतं. पहिल्या दिवशीच सीएपीच्या चार जुन्या लोकांना बोलावून रंग ठरवला असता तर बरीच कटुता टळली असती.

आपल्याकडे हे समजायला फार लांब जायला नको. विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाचा कार्यकर्ता छातीला बिल्ला लावून दोरी धरून उभा असतो, लोक त्याचं ऐकतात, पण त्याच कार्यकर्त्याने उद्या पोलिसाच्या खाकीसारखी खाकी घातली तर लोक आणि पोलीस दोघंही गडबडतील. कायदाही याबाबत गंभीर आहे, सैनिक भासावं म्हणून सैनिकाचा वेश घालणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या १६८ खाली आहे. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्कराने लोकांना आणि दुकानदारांना आवाहनच केलं होतं की लष्करी छापाचे कपडे घालू नका, विकू नका. दुसरीकडे होमगार्ड ही संघटनाच मुळात मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला मोरारजी देसाईंच्या काळात उभी राहिली, स्वयंसेवक आणि खाकी हे नातं आपल्याला नवीन नाही. ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलमध्ये नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक कितीतरी वर्षांनी रस्त्यावर दिसले, आणि अशा वेळी कोण कोणाला सूचना देऊ शकतो हे अंगावरच्या कपड्यावरून कळणं किती महत्त्वाचं असतं ते बघायला मिळालं.

आजची अडचण

सीएपीत सध्या साधारण ६० हजार सदस्य आणि साडेपाचशेच्या आसपास विमानं आहेत, बहुतेक सेसना १७२ आणि १८२. ११ सप्टेंबर २००१ च्या दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाचं आकाश बंद असताना न्यू यॉर्कच्या ढिगाऱ्यावरून फोटो काढायला सीएपीचं सेसना उडालं होतं. २०१४ मध्ये महायुद्धातल्या सीएपी सदस्यांना अमेरिकी संसदेचं काँग्रेशनल गोल्ड मेडल मिळालं, २०१५ मध्ये हवाई दलाने टोटल फोर्सच्या, म्हणजे आपल्या एकूण बळाच्या, व्याख्येत या सहाय्यक दलाला धरलं, आणि २०१६ पासून हवाई दलाचा एबीयू हा छापाचा फील्ड युनिफॉर्म घालायची परवानगी दिली. मान मिळतोय, छानच.

पण युनिफॉर्म आता एक नाही, दोन जाती झाल्यात. हवाई दलाच्या पद्धतीचा युनिफॉर्म मोठ्या सदस्यांना घालायचा असेल तर वजन हवाई दलाच्या मापापेक्षा फारतर १० टक्क्यांनी जास्त चालतं आणि केस-दाढीचे नियम पाळावे लागतात. जे बसत नाहीत त्यांना संस्थेचे स्वतःचे कपडे, पांढरा एव्हिएटर शर्ट आणि राखाडी पँट, किंवा निळा पोलो शर्ट. २००६ मध्ये या लोकांसाठी जरा रुबाबदार निळा कोटवाला युनिफॉर्म काढून बघितला, तो काही वर्षांत बंद करावा लागला.

कामावर याचा काय परिणाम होतो ते एका रात्रीच्या शोधात नीट दिसतं. विमानात ईएलटी नावाची पेटी असते, आपटलं की ती आपोआप रेडिओ सिग्नल द्यायला लागते. सॅटेलाइटने सिग्नल पकडला की फ्लोरिडातल्या टिंडल तळावरच्या हवाई दलाच्या बचाव केंद्रातून सीएपीला फोन जातो. बऱ्याचदा अपघात नसतोच, जोरात लँडिंग झालेलं असतं किंवा हँगरमध्ये काम करताना मेकॅनिकच्या हातून पेटी सुरू झालेली असते, पण जाऊन बघावंच लागतं. आता कल्पना करा, मध्यरात्र, छोटा विमानतळ, हँगरच्या ओळी, हातात दिशा दाखवणारा अँटेना घेऊन टीम चालतेय. टीम लीडर साठीची निवृत्त नर्स, या कामात मुरलेली, अंगात पोलो शर्ट. सोबत सोळा-सतरा वर्षांचे दोन कॅडेट, अंगात छापाचा लष्करी युनिफॉर्म, नारिंगी व्हेस्ट. वॉचमन टॉर्च मारत येतो आणि विचारतो की इथे काय चाललंय. तो कुणाकडे बघून विचारेल? त्या पोराकडे. कारण त्याच्या डोळ्याला साहेब तो दिसतो. मग पोरगा मागे वळून बाईंकडे बघणार, बाई पुढे येऊन ओळखपत्र काढणार, समजावणार, आणि ज्या हँगरमध्ये कुणीतरी अडकलेलं असू शकतं त्याच्या दारात काही मिनिटं अशीच जाणार.

मला ही या प्रकरणातली सगळ्यात न सुटलेली बाजू वाटते. १९४२ मध्ये एका पायावर लंगडणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या, पन्नाशीच्या माणसाला लष्कराने आपला युनिफॉर्म दिला कारण त्याचं काम लष्कराचं होतं. आज काम वेगळं असलं तरी तितकंच गंभीर आहे, रात्री उठून माणूस शोधायचा, पण युनिफॉर्म वजनकाट्यावर ठरतो. हवाई दल म्हणेल की आमचे सैनिक त्या मापात बसायला घाम गाळतात, मग तुम्हाला सूट का, आणि हे म्हणणं परेडच्या मैदानावर मला पटतं. शोधमोहिमेत नाही पटत.

माझ्या मते फील्डवर सगळ्यांनी एकच घालावं. संस्थेचा स्वतःचा निळा फील्ड युनिफॉर्म आधीपासूनच आहे, वजनाची अट नसलेला, लष्कराशी गल्लत न होणारा, त्यावर नारिंगी व्हेस्ट, आणि टीम लीडर कोण हे व्हेस्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत. हवाई दलाच्या पद्धतीचे निळे कपडे परेडला, समारंभाला, कॅडेट्सच्या वर्गांना ठेवावेत, पोरं त्यासाठी येतात आणि ते त्यांना मिळायलाच हवेत. यात अडचण एकच आहे आणि ती खरी आहे, पैशांची. नव्या कॅडेट्सना निळ्या युनिफॉर्मसाठी व्हाउचर मिळतं, मोठ्या सदस्याला मात्र शर्टापासून बुटापर्यंत सगळं १९४२ सारखंच स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं, आणि ज्यांनी एबीयूवर खर्च केलाय ते लगेच दुसरा सेट घेणार नाहीत. तेव्हा फील्ड टीममध्ये असलेल्या प्रत्येकाला पहिला निळा सेट संस्थेने द्यावा आणि जुने कपडे फाटेपर्यंत चालू द्यावेत, म्हणजे बदलाला तीन-चार वर्षं लागतील पण कुणाला घरचं मोडून तो करावा लागणार नाही.